मोठ्या बाईंच्या हातातली जागा

लागोपाठ दुसऱ्या रविवारी जेवताना खारूच्या शाळेचा विषय कुणी काढला नाही, तेव्हा वहिनींनी ओळखलं की घरातला प्रत्येक जण कुठे ना कुठे शब्द टाकून बसला आहे.

या घराची रीतच तशी. अण्णांनी नोकरीभर जमिनी मोजल्या होत्या. मोजणी चालू असताना हद्द कुणाच्या बाजूला सरकतेय हे एकाला कळलं, की दुसरा काठी घेऊन बांधावर हजर होतो, हे त्यांनी पहिल्याच वर्षी अंगावर झेलून शिकून घेतलं होतं. तेव्हापासून घरातही तोच कायदा. काम होईपर्यंत ब्र काढायचा नाही आणि झालं की एका वाक्यात सांगून मोकळं व्हायचं. तिन्ही मुलं या कायद्यात वाढली. दादाने औषधांचं दुकान घेतलं ते पाटी लागल्यावर घरी कळलं. ताई दंतवैद्य व्हायला निघाली आहे, हे तिने बॅग भरल्यावर सांगितलं. धाकटा बाळू परदेशी गेला तसाच, आणि इतक्या वर्षांनी दोन मुलींना घेऊन परत आला तोही तसाच. फोन केला तेव्हा तो विमानतळावर सामानाची वाट बघत उभा होता.

दादाची बायको म्हणून या घरात आलेल्या वहिनींना हे कधीच पटलं नाही. त्यांच्या माहेरी भाजी आणायला निघालेला माणूससुद्धा आधी साऱ्या घराला ऐकवून जायचा. पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या एवढंच करायच्या, की कोण किती गप्प आहे त्यावरून काय शिजतंय याचा अंदाज बांधायच्या. आज सगळेच फार गप्प होते.

पिटूचं काही अवघड नव्हतं. ती दहा वर्षांची. गल्लीच्या टोकाच्या शाळेने तिला लगेच घेतलं आणि तिने तिथे प्रवेशाच्या रांगेतच एक जिवलग मैत्रीणही पैदा केली. अडलं होतं ते खारूचं. लहानपणी घास गालात धरून बसायची म्हणून हे नाव पडलं, ते चौदाव्या वर्षीही सुटलं नव्हतं. शेवटच्या मोठ्या परीक्षेला एकच वर्ष उरलेलं असताना बाहेरून आलेलं मूल कोणतीच शाळा घेत नाही, कारण निकालाचा फलक दारातच लावायचा असतो. एका शाळेत कारकुनाने मान वर न करताच सांगितलं की मागच्या वर्षी यायचं होतं. दुसऱ्या शाळेत माशांची मोठी काचपेटी होती, गुबगुबीत कोच होते, आणि जागा नव्हती. तिसरीत परीक्षा घेतली. खारूने कोरा कागद परत दिला. बाळू गयावया करून चौथीत गेला, तिथेही कोराच. मुलगी इथली भाषा घडाघडा बोलते पण लिहिता अक्षर येत नाही, असा निकाल लागला, आणि त्या शाळेने मोठ्या मनाने तिला तीन वर्ग खाली बसवायची तयारी दाखवली. म्हणजे अकरा वर्षांच्या पोरांमध्ये. आठ दिवसांनी, पुढच्या सोमवारी, शाळा उघडणार होत्या. त्याआधी कुठे सोय झाली नाही तर ते तरी स्वीकारावं लागणार होतं, नाहीतर पोर घरात बसणार होती.

"होईल," दादा हात धुऊन आला आणि म्हणाला.

"होईल की," ताई म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. वहिनींनी मनात दोघांच्या नावापुढे खूण केली आणि त्या बाळूकडे वळल्या.

"भावजी, हिची आई नक्की कधी येतेय? शाळेत आई बरोबर असली की फरक पडतो."

"थंडीत," बाळू म्हणाला. "तिचं तिथल्या हॉस्पिटलातलं काम संपलं की."

ताटं उचलायच्या निमित्ताने तो स्वयंपाकघरात गेला. मागे ताई हलक्या आवाजात काहीतरी म्हणाली आणि दादा खाकरला. बाळूला ऐकू आलं नाही, पण काय असेल ते माहीत होतं. त्याची बायको ताईला कधी आवडली नव्हती. फार सरळ बोलते, हा तिच्यावरचा मुख्य आरोप.

आणि खरोखरच ती फार सरळ बोलायची. मुलींचे कपडे बॅगेत भरता भरता, आवाज न चढवता, तिने त्याला सांगितलं होतं की ती येणार नाही. थंडीतही नाही आणि नंतरही नाही. दुसरा कुणी नव्हता, भांडण नव्हतं. तिला तिथलं काम हवं होतं आणि तो नको होता, इतकंच. मुलींना दोघं मिळून सांगू म्हणाली होती. त्याने हात जोडले. इथे एकदा रुळू दे, शाळा होऊ दे, मग मी सांगतो म्हणाला. शेवटी ती बरं म्हणाली. तेव्हापासून तो रोज सकाळी उठला की आधी शाळेचा विचार करायचा, म्हणजे दुसरा करावा लागत नसे. त्याला कधी कधी वाटायचं, शाळा मिळालीच नाही तर बरं. मग खारूचं तोंड दिसायचं आणि स्वतःचीच लाज वाटायची.

त्याने नळ मोठा केला आणि कुणी सांगितलेलं नसताना सगळी भांडी घासून काढली.

आता झालं होतं असं, की शहराच्या त्या भागात धड म्हणावी अशी एकच शाळा उरली होती. तिच्या मुख्याध्यापिकेला मुलं आणि पालक मोठ्या बाई म्हणत. वर्ग भरला तरी दरवर्षी एक जागा बाई स्वतःच्या हातात ठेवतात, आणि ज्या मुलावर खरोखर वेळ आली आहे त्यालाच देतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हा तिन्ही भावंडं, एकमेकांना न कळवता, त्या एकाच बाईंकडे जाऊन आली होती.

दादा पहिला. बाईंच्या म्हाताऱ्या आईची औषधं त्याच्या दुकानातून घरपोच जात. एक दिवस नोकराला न पाठवता तो स्वतः पिशवी घेऊन गेला. शाळेच्या मागच्याच गल्लीत त्याचं घर, म्हणून त्याने सांगितलं की पुतणी आपल्याकडेच राहते, आईबाप दोघं अजून परदेशात आहेत, पालक काय तो मीच.

ताईने तर बाईंना जागेवरून उठायचीही संधी दिली नाही. त्या तिच्याकडे दाढेसाठी यायच्या. तोंड उघडं, अर्धा जबडा बधिर, वर दिवा, अशा अवस्थेत त्यांना तिने भाचीची कहाणी ऐकवली. सरळ जागा मागितली असती तर बाई बधल्या नसत्या, हे ताईला पक्कं माहीत होतं. तेव्हा तिने मनानेच रचून सांगितलं की पोरींची आई पोरींना सोडून गेली, परत येणार नाही, आणि बाप बिचारा कुणाला सांगतही नाही. सांगताना तिला थोडं बरंही वाटलं. इतक्या वर्षांचं काहीतरी त्या निमित्ताने निघून गेलं.

बाळू शेवटी गेला. रीतसर रांगेत उभा राहिला आणि मुलींची आई थंडीत येणार आहे असं सांगून आला. बाईंनी त्याला अगदी शांतपणे विचारलं होतं, नक्की? तो नक्की म्हणाला होता.

गुरुवारी सकाळी शाळेच्या कचेरीतून तिघांनाही फोन गेला. अकरा वाजता या. बाळूला वर सांगितलं, मुलीला आणा.

दादाने दुकानात नोकराला सांगितलं की जरा बँकेत जाऊन येतो. ताईने एका पेशंटला दुपारी यायला लावलं. शाळेच्या कचेरीबाहेर एक लांब बाक होता, त्यावर दादा येऊन बसला तर पाठोपाठ जिन्यावरून ताई आली.

"तू कशी इथे?"

"बाईंच्या दाढेचं बघायचं होतं. तू?"

"औषधं."

त्याच्या हातात पिशवी नव्हती आणि तिच्या हातात दात बघायचा साधा आरसाही नव्हता. एवढ्यात बाळू खारूला घेऊन जिना चढून आला. दादा नुसता सरकला आणि त्याने बाकावर जागा करून दिली. चौघं ओळीने बसली. आपल्या घराला काय म्हणावं हे ताईला त्या क्षणी सुचेना. तिला हसू येत होतं आणि उठून पळावंसंही वाटत होतं. आत बोलावलं तेव्हा तिघंही एकदम उठली आणि दारात एकमेकांना आडवी आली.

बाईंच्या खोलीत कपाटं, फडताळावर धूळ बसलेल्या ढाली, आणि उघड्या खिडकीतून मैदान. मैदानावर एक शिपाई दोरी धरून चुन्याच्या रेघा मारत होता. बाई बारीक अंगाच्या, कोरड्या आवाजाच्या. त्यांनी सगळ्यांना नीट न्याहाळलं.

"मला एकाच मुलीच्या तीन गोष्टी ऐकवल्यात तुम्ही," त्या म्हणाल्या. "काकांच्या मते आईवडील दोघंही परदेशात आहेत. वडील तर माझ्यासमोर बसलेत. वडिलांच्या मते आई थंडीत येणार आहे. आणि डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं की आई मुलींना सोडून गेली, ती परत येणार नाही. हातात जागा एकच आहे. ती मी खोट्यावर देणार नाही. आता मला तुमच्यापैकी कुणाचं ऐकायचंच नाही, मी हिला विचारते."

"ताई, तू हे असं बोललीस?" दादा दबक्या आवाजात म्हणाला. ताई मान खाली घालून पर्सचा बंद कुरवाळत बसली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

खारूने त्या दोघांकडे पाहिलंच नाही. ती बाबांकडे बघत होती.

ती वाट बघत होती, की बाबा आता चिडतील. निदान म्हणतील, अहो नाही, असं काही नाही, आत्या उगाच काहीतरी बोलली. एवढं एकच वाक्य तिला हवं होतं. बाबा खिडकीकडे बघत होते. शिपायाने एक रेघ संपवून दोरी उचलली, दुसरीकडे नेऊन ताणली, तरी ते तिकडेच बघत होते. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, दचकलेलाही नव्हता. ते नुसते थकलेले दिसत होते.

मग खारूला एकेक गोष्ट दिसायला लागली. आई फोनवर शाळेचं विचारायची, जेवणाचं विचारायची, पिटूच्या खोकल्याचं विचारायची. कधी येते हे खारूने विचारलं की आधी थोडी थांबायची. मागच्या महिन्यात तिने खारूची सायकल शेजारच्या मुलीला देऊन टाकली. खारूला वाटलं होतं, लहान झाली म्हणून दिली असेल. आणि खारूने दोन शाळांत कोरे कागद ठेवून दिले होते. तिला सगळं लिहिता येत होतं. दर शनिवारी सकाळी आईनेच समोर बसवून शिकवलं होतं. पण शाळाच मिळाली नाही तर किती दिवस ठेवतील? कंटाळून परत पाठवतीलच, असं तिने आपलं ठरवलं होतं. परत म्हणजे आईकडे. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. पिटूलासुद्धा नाही.

"काय गं," मोठ्या बाई म्हणाल्या. आवाज आता तेवढा कोरडा नव्हता. "तुझी आई येणार आहे ना?"

बाबांनी अजूनही मान वळवली नव्हती. खारू बाईंकडे वळली.

"आत्याने सांगितलं ते खरं आहे," ती म्हणाली. "आई येणार नाही."

बाईंनी तिच्या डोळ्यांत बघत विचारलं की हे तुला कुणी पढवून पाठवलं का. ती नाही म्हणाली. मग बाई बाळूकडे वळल्या.

"खरं आहे," बाळू म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. इतक्या महिन्यांत हे शब्द त्याने पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारले होते, आणि तेही मुलीच्या मागून. "थंडीचं मी खोटं सांगितलं. माफ करा."

दादाने खुर्चीत जरा अंग सैल केलं. ताईने हळूच श्वास सोडला. भाऊ ऐनवेळी शहाणा झाला असं दोघांनाही वाटलं.

बाईंनी एक कागद पुढे सरकवला. बाकीच्या शाळांत तू काहीच लिहिलं नाहीस असं कळलंय, इथे चार ओळी तरी लिही, म्हणाल्या. विषय? कोणताही. तू राहत होतीस त्या घराबद्दल लिही. खारूने पेन घेतलं. आधी बराच वेळ ती कागदावर हात ठेवून बसली, आणि बाळूला वाटलं की हाही कोराच जाणार. मग ती लिहायला लागली. अक्षर मोठं, वाकडंतिकडं, पण थांबली नाही. पान भरलं तेव्हा तिने कागद उलटला. परत पाठवलं तर जायला ते घर आता नव्हतं. मग लिहून टाकायला हरकत काय होती?

बाईंनी वाचायला वेळ घेतला. मधे एकदा चष्मा काढून पुसला.

"शुद्धलेखनाची बोंब आहे," त्या म्हणाल्या. "पण तिच्या वयाच्या मुलींबरोबर बसेल. सोमवारी पाठवा. आणि काका, पुढच्या वेळी औषधं नोकराबरोबर पाठवा."

जिना उतरेपर्यंत तिघंही भावंडं दम धरून होती. फाटकाबाहेर पाऊल पडलं आणि दादाने रुमाल काढून मान पुसली.

"कसली बोललीस गं खारू! डोळ्याची पापणी हलली नाही तुझी. मी असतो तर तिथल्या तिथे त त प प झालं असतं." त्याने बाळूच्या पाठीवर थाप मारली. "आणि तूही बेरकीच. 'खरं आहे' म्हणे. वर माफी!"

ताईलाही आता हसू आवरेना. आपल्या थापेनेच शेवटी काम झालं याचा तिला आनंद झाला होता. दादाची थाप कशी कच्ची होती, आपली कशी पक्की होती, याचं तिने तिथल्या तिथे शवविच्छेदन सुरू केलं. अण्णांना आधी कोण सांगणार यावरून दोघांची थोडी जुंपली. मग तिने खारूला एका हाताने जवळ घेतलं. पोरीचे खांदे ताठ होते.

"आता काळजी एकच," ताई म्हणाली. "थंडीत तुझी आई आली की तिला या रस्त्याला फिरकू द्यायचं नाही. बाईंनी बघितलं तर माझी धडगत नाही."

"ती नाही येणार," खारू म्हणाली.

"शाब्बास. अस्संच म्हणायचं. कुणीही विचारलं तरी अस्संच."

दादा मोठ्याने हसला. आपल्यासोबत हसायला म्हणून ताई बाळूकडे वळली. बाळू हसत नव्हता. तो फाटकाला टेकून उभा होता, खारूकडे बघत होता, आणि खारू त्याच्याकडे बघायचं टाळत होती. ताईचं हसू चेहऱ्यावरच राहिलं. दिव्याखाली, बाईंच्या उघड्या तोंडासमोर आपण काय बोललो होतो, आणि बोलताना आपल्याला कसं बरं वाटलं होतं, ते तिला शब्दन् शब्द आठवलं. खारूच्या खांद्यावरचा हात तिला काढताही येईना आणि ठेवताही येईना.

"बाळू," ती म्हणाली. "खरंच?"

बाळूने मान डोलावली.

"आत्या," खारू म्हणाली, "पिटूला मी सांगणार आहे. तुम्ही कुणी सांगू नका."

दादा अजून हसतच होता.

"काय सांगायचंय पिटूला?" त्याने विचारलं.